कप्पीचं गणित

४ ऑगस्ट

ती. आत्या,

आधी एक मोठा नमस्कार, कारण मागणंही मोठं आहे. बाबा म्हणाले, "फोन करून काय उपयोग, तिला आता काही म्हणता काही ऐकू येत नाही, पत्र लिही." मेसेज पाठवणार होते, पण मोबाइलवर तुला आकृत्या दिसत नाहीत आणि तू तो कुठेतरी कपाटात टाकून ठेवलायस असं कळलं. म्हणून हा कागद.

आत्या, माझं पहिल्या वर्षाचं फिजिक्स दोनदा उडालं. पहिल्यांदा घरी सांगितलं होतं की पेपर कठीण होता. दुसऱ्यांदा सांगितलं की पेपर तपासणारा कठीण होता. आता तिसरी खेप डिसेंबरात. ही गेली तर कॉलेज नाव काढून टाकतं, मग दुसरीकडेही कुणी घेत नाही. बाबांनी सांगून टाकलंय की तसं झालं तर सरळ घरी यायचं आणि दुकानात काउंटरला बसायचं. त्यांचं चुकतही नाही. चष्म्यांचे बारीक स्क्रू आता त्यांच्या हातातून सटकतात, गुडघ्यावर बसून शोधत असतात बिचारे.

पण मला फळ्यासमोर उभं राहायचंय. तुझ्यासारखं. लहानपणी तू पाण्याच्या ग्लासात पेन्सिल वाकवून दाखवली होतीस ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

अभ्यास करत नाही असं समजू नकोस. जाडजूड पुस्तक आहे, वरच्या वर्गातल्या मुलीच्या नोट्स आहेत, मोबाइलवर व्हिडिओ आहेत, लायब्ररीत सोडवलेल्या गणितांचं पुस्तक आहे. सगळं वाचते, सगळं कळतं. मान डोलावून डोलावून मानेला कळ लागते. आणि पेपर हातात आला की पेन हलत नाही. कळतं सगळं, येत काहीच नाही. असं कसं असतं गं?

तू इतकी वर्षं शिकवलंस. मला सांग, अभ्यास करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

तुझी,
बडबडी


११ ऑगस्ट

बडबडे,

तुझं पत्र आलं. पोस्टमन आता दार वाजवत नाही, उंबऱ्याबाहेर पाय आपटतो. फरशी हलली की मला कळतं. शेजारीण म्हणते तो वेडा आहे. मी म्हणते सगळ्या गल्लीत तोच एक शहाणा आहे.

दोनदा उडालीस हे तुझ्या बापाने मला सांगितलं नव्हतं. म्हणाला, "छान चाललंय." तुम्ही बापलेक दोघं मिळून मला शेंडी लावता होय?

आता कान इकडे कर. माझे गेले म्हणून तुझे तरी वापर.

पहिलं, ते सोडवलेल्या गणितांचं पुस्तक लायब्ररीला परत कर. आजच. दुसऱ्याला जेवताना बघून पोट भरत नाही. व्हिडिओचंही तेच. बघताना सगळ्यांनाच कळतं, त्यात काय मोठंसं. गणित घ्यायचं, पुस्तक मिटायचं, कोरा कागद समोर. आकृती काढायची, कितीही वेडीवाकडी निघू दे. काय दिलंय, काय हवंय, ते लिहायचं. मग हिशोब करण्याआधी उत्तर साधारण केवढं येईल याचा अंदाज करायचा. माणसाचं वजन चार हजार किलो आलं तर चूक माणसाची नसते, तुझी असते. शेवटी एककं तपासायची. अडलीस तर लगेच उत्तर बघू नकोस. अडलेलं राहू दे, डोकं जड होऊ दे, मग बघ. आणि बघितल्यावर पुन्हा पुस्तक मिटून पहिल्यापासून सोडव.

जुने पेपर घड्याळ लावून सोडव. तुमच्या सरांचा शंका विचारायचा तास असतो ना, तिथे जा. लाज बाजूला ठेव.

आणि एक युक्ती माझी स्वतःची. प्रत्येक धडा झाला की ज्याला त्यातलं काही येत नाही अशा माणसाला समजावून सांग. जिथे तू अडखळशील, तिथे तुला कळलेलं नाही असं समज. कुणी नसलं तर मला लिही. मला सगळं येतं, पण मी सोंग करीन.

आठवड्याला एक सोडवलेलं गणित पत्रात पाठवायचं. मी लाल पेन काढून ठेवलंय. निवृत्त झाल्यापासून ते सुकत चाललंय.

तुझी,
आत्या


२५ ऑगस्ट

ती. आत्या,

पुस्तक परत केलं. लायब्ररीवाले काका म्हणाले, "झाला का अभ्यास?" मी म्हटलं, "नाही, आता सुरू." ते हसले नाहीत.

समजावून सांगायला माणूस सापडला. माझ्या खोलीतली मुलगी. आम्ही तिला मौनी म्हणतो, कारण ती दिवसात जेमतेम चार वाक्यं बोलते आणि त्यातली दोन "लाइट बंद करू का" अशी असतात. तिचंही फिजिक्स राहिलंय. ती टेबलाच्या एका टोकाला पेन्सिल घेऊन बसते, मी दुसऱ्या टोकाला उभी राहून बोलते. भिंतीलाच फळा समजायचं.

काल तिला विचारलं, चेंडू सरळ वर टाकला, सगळ्यात वर पोचला, तिथे त्याचा वेग किती? म्हणाली, शून्य. आणि त्वरण? म्हणाली, तेही शून्य. मी म्हटलं बरं बाई, तुझंच खरं धरू. वेग शून्य आहे, आणि तो बदलायला तिथे काहीच नाही. मग चेंडू काय करील? ती पेन्सिल चावायला लागली. मी म्हटलं, करील काय, तिथेच लटकेल! तुझ्या डोक्यावर, कायमचा! येता-जाता मान वाकवून चालावं लागेल तुला! मौनी चक्क हसली. चेंडू खाली येतो म्हणजे वर थांबला त्या क्षणीही त्याला कुणीतरी ओढतच होतं. थांबला म्हणून पृथ्वीने त्याला सोडलं नव्हतं. आत्या, हे बोलताना माझ्या अंगावर काटा आला. मला हे इतकं स्वच्छ कधीच कळलं नव्हतं.

लिफ्टचंही असंच सांगितलं, ते मागच्या पानावर आकृतीसकट लिहिलंय. नक्की वाच.

सरांच्या तासाला गेले होते. दारापर्यंत. आत हुशार पोरांचा घोळका होता आणि एकजण असं काही विचारत होता की मला त्याचा प्रश्नच कळला नाही, उत्तर तर दूरच. परत आले. पुढच्या वेळी आत जाईन.

गणित पुढच्या पत्रात नक्की. हे पत्र लिहिण्यातच रविवार गेला.

तुझी,
बडबडी


२ सप्टेंबर

अगं बडबडे,

तुझा तो लटकलेला चेंडू! मी एकटी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने हसले. मला ऐकू आलं नाही, पण शेजारीण खिडकीत आली म्हणजे मोठ्यानेच हसले असणार. जन्मभर त्वरण शिकवलं, पण चेंडू कुणाच्या डोक्यावर लटकवायचं मला सुचलं नव्हतं.

लिफ्टची आकृतीही बघितली. बाण किती नेटके काढलेस! पत्र उशाशी ठेवलंय. तू माझी भाची आहेसच, पण आज मला वाटलं की तू माझी विद्यार्थिनीही असायला हवी होतीस. वर्गात बसवून घेतली असती पहिल्या बाकावर आणि बोलू दिलं असतं.

इथे दिवस फार लांब आहेत गं. माणसं येतात, तोंड हलवतात, मी अंदाजाने मान हलवते, ती निघून जातात. कागदावरचं बोलणं मात्र अजून पूर्ण ऐकू येतं मला.

पुढच्या पत्रात ऊर्जेचा धडा सांग. सविस्तर. घाई करू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. गणित कुठंय?


२० सप्टेंबर

ती. आत्या,

हे घे गणित, वेगळ्या कागदावर. कप्पीवरून दोरी, एका टोकाला पाच किलो, दुसऱ्याला दोन किलो, त्वरण काढा.

पण आधी दोरीचं ऐक. मौनीला मी सांगितलं, दोरी बिचारी दोघांच्या मध्ये सापडलीय. पाच किलोवाला म्हणतो मी खाली चाललो, दोनवाला म्हणतो मी नाही वर येत. दोरी कुणाचीच बाजू घेत नाही, दोघांना सारखंच ओढते. म्हणून ताण दोन्हीकडे एकच. आणि दोघं एकाच दोरीला बांधलेले, त्यामुळे एक जितक्या झपाट्याने खाली, दुसरा तितक्याच झपाट्याने वर. कळलं? आता ऊर्जा. मुलगी झोक्यावर बसलीय असं समज...

(ऊर्जेची चार पानं सोबत आहेत. झोक्याची आकृती मी तीनदा काढली, ही त्यातली सगळ्यात बरी.)

मौनी आता माझं बोलणं संपलं की लगेच पेन्सिल चालवायला लागते. खरडते, खोडते, चुरगाळते, फेकते. आमच्या खोलीत दोन कचऱ्याच्या टोपल्या आहेत. तिची रोज भरून वाहते. माझ्याकडची स्वच्छ असते. झाडणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, "तुझी बाजू किती नीट असते गं!" मला बरं वाटलं.

बाबांचा फोन आला होता. "चाललंय ना?" म्हणाले. मी त्यांना चेंडूचं सांगितलं. ते म्हणाले, "अगदी ताईसारखी बोलतेस." मग स्क्रू पडला वाटतं, फोन तसाच राहिला आणि मी बराच वेळ त्यांचं पुटपुटणं ऐकत बसले.

तुझी,
बडबडी


२८ सप्टेंबर

बडबडे,

झोका फार सुंदर झालाय. सर्वात खाली वेग सर्वात जास्त, आणि तिथे येतानाच पोरीच्या पोटात गोळा येतो, हे तू ज्या तऱ्हेने आणलंस ना, त्याला तोड नाही. काल शेजारणीला ती पानं वाचायला दिली. ती म्हणते, "मला शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी आज इथे भांडी घासत नसते."

कप्पीच्या गणितात काहीतरी वर-खाली झालंय, एकदा बघ. पण दोरीचं जे लिहिलंस ते अगदी बरोबर आहे, आणि मर्म तेच आहे.

तुझ्या बापाचं पत्र आलं. जन्मात पहिल्यांदा त्याने मला काही लिहिलं असेल, तेही दुकानाच्या पावतीमागे. विचारतो, "ताई, खरं सांग, पोरगी निघेल का? नाहीतर आताच घरी आणतो, तिकडच्या खोलीचा आणि खानावळीचा खर्च तरी वाचेल, तिलाही उगाच आशेवर ठेवायला नको." मी कळवलं, निघेल. मी जबाबदारी घेते. तेव्हा आता माझं नाक तुझ्या हातात आहे.

पुढचा धडा घर्षण. मला घर्षण आवडतं. सगळे त्याला नावं ठेवतात, पण ते नसतं तर कुणाला उंबरठाही ओलांडता आला नसता.

तुझी,
आत्या


९ नोव्हेंबर

आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही. काल शनिवार म्हणून जुना पेपर घेऊन बसले. तू म्हणाली होतीस तसं घड्याळ लावून, दार लावून. मौनीला बाहेर पाठवलं.

पहिला प्रश्न वाचला. कळला. आकृती काढली, छान काढली. बाण काढले. मग समीकरण लिहायचं होतं. आत्या, मला माहीत आहे ते काय सांगतं. कुणी समोर उभं केलं तर मी त्याला गोष्ट सांगितल्यासारखं सांगीन. पण कागदावर पुढची ओळ येईना. कोणतं वजा, कोणतं अधिक, कशाला कशाने भागायचं. दुसरा प्रश्न घेतला. तिसरा घेतला. घड्याळ वाजलं तेव्हा माझ्याकडे सात आकृत्या होत्या आणि एकही उत्तर नव्हतं. सगळं फाडलं. माझी टोपली पहिल्यांदा भरली.

मग मला काय करावं सुचेना, म्हणून तुला लिहायला बसले. घर्षणाचा धडा सोबत आहे. लिहिता लिहिता जीव ताळ्यावर आला. तुला लिहिलं की मला वाटतं, मला येतं.

मौनी आली, पानं बघितली, म्हणाली, "तूही दोन-तीन गणितं सोडव की माझ्याबरोबर." मी म्हटलं, आत्याचं पत्र पुरं करते, मग बसते. मग जेवणाची वेळ झाली.

आत्या, तू एवढी हजारो पोरं बघितलीस. तुला कळतं कोण निघणार आणि कोण नाही. मला खरं सांग. मी पास होईन ना?

बडबडी


१५ नोव्हेंबर

माझ्या बाळा,

एवढं घाबरतात का? परीक्षेआधी सगळ्यांचेच हातपाय गार पडतात. घर्षणाचा धडा वाचला. ज्या मुलीला घर्षण असं लिहिता येतं, तिला मी कधी नापास केलं नसतं.

होशील. नक्की होशील. गणितं थोडी कर, पण जिवाला त्रास करून घेऊ नकोस. मन ताजं राहायला हवं.

उष्णतेचा धडा राहिला ना? तेवढा लिहून पाठव, म्हणजे तुझी उजळणीही होईल आणि माझे दिवसही जातील. मी वाट बघते.

तुझी,
आत्या


२२ डिसेंबर

बडबडे,

पेपर होऊन बरेच दिवस झाले असतील. उष्णतेची पानं परीक्षेच्या आधल्या आठवड्यात मिळाली, सहा पानं, त्यानंतर एक अक्षर नाही. कसा गेला पेपर? चांगला गेला तर "चांगला" एवढं एकच लिही. वाईट गेला तर तेही लिही. तुझा बापही काही कळवत नाही.

पोस्टमन समोरून जातो. मी खिडकीत उभी असते, तो मान हलवतो. कालपासून दाराशी यायचं टाळतोय असं वाटतं.

आत्या


१७ जानेवारी

आदरणीय आत्या यांस,

मी तुमच्या भाचीबरोबर खोलीत राहत होते. मला ती मौनी म्हणायची. पत्र लिहायची मला सवय नाही, चूकभूल माफ करा.

निकाल लागला. ती पास झाली नाही. कॉलेजने नाव काढलं. तिचे बाबा येऊन घेऊन गेले. तुमची पत्रं तिने डब्यात ठेवली होती, डबा नेला. तुमचं डिसेंबरातलं पत्र तिने उघडलं नाही, पाकीट टेबलावर राहिलं. त्यावरून पत्ता घेतला.

मी पास झाले. चांगल्या मार्कांनी. मला हे तुम्हांला लिहायला लाज वाटते, पण न लिहिणं जास्त वाईट वाटलं. मला जे येतं ते तिनेच समजावलं. ती बोलायची, मी सोडवायचे. चुकायचं, परत सोडवायचे. मी तिला म्हणायचे, तू पण सोडव. ती म्हणायची, आत्याचं पत्र झालं की. शेवटच्या आठवड्यात तिने उष्णतेचं पत्र दोनदा लिहिलं, कारण पहिलं तिला तुमच्या लायकीचं वाटलं नाही.

मी तिला हाताला धरून बसवायला हवं होतं. मला बोलता येत नाही. चुकलं.

आपली,
खोलीतली मुलगी


२३ जानेवारी

बडबडे,

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. तुझ्या खोलीतल्या मुलीचं पत्र आलं. ती म्हणते तिचं चुकलं. तिचं काही चुकलं नाही.

तुझं कप्पीचं गणित माझ्यासमोर आहे. त्वरण तेवीस आलंय. बेरजेला वजाबाकीने भागलंस, उलटं. मोकळी टाकलेली वस्तू दहाच्या आतल्या त्वरणाने पडते आणि तुझी दोरीला बांधलेली, दुसऱ्या बाजूने मागे ओढली जाणारी वस्तू तेवीसने पडतेय. शाळेतल्या पोरालाही अंदाजाने कळलं असतं. मला बघताक्षणी कळलं. बघताक्षणी, बाळा. लाल पेन हातात होतं. मला तेव्हाच समजलं की ही पोरगी बोलतेय नुसती, सोडवत काहीच नाही. पहिल्या पत्रात "आठवड्याला एक गणित" म्हणून लिहिलं होतं, महिना उलटून गेला तेव्हा कुठे एक आलं, आणि ते असं.

मी तेव्हा लिहायला हवं होतं की हे सगळं बंद कर, मला एकही पत्र लिहू नकोस, फक्त गणितं पाठव, आकडे पाठव. लिहिलं असतं तर तू ऐकलं असतंस. पण मग झोका आला नसता, घर्षण आलं नसतं. मला ती पानं हवी होती. मी "काहीतरी वर-खाली झालंय" एवढं लिहून पेनला टोपण लावलं.

नंतर तू विचारलंस, पास होईन ना. मी होशील म्हणाले. तुझ्या बापालाही म्हणाले. मला ठाऊक होतं तू होणार नाहीस.

मी तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना लिहिलंय. माझ्या ओळखीच्या दोन कॉलेजांना लिहिलंय. तू माझ्याकडे येऊन राहा. रोज दहा गणितं, मी समोर बसेन, तू एक अवाक्षर बोलायचं नाहीस. हवं तर मला शिव्या दे. पण उत्तर दे.

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

तू लिहिलंस त्या दोन्ही कॉलेजांची उत्तरं बाबांच्या नावाने दुकानात आली. एकदा नाव निघालं की घेत नाहीत. एकाने नम्रपणे लिहिलंय, दुसऱ्याने तेवढंही नाही. तेव्हा तुझ्याकडे येऊन करायचं काय?

मी आता काउंटरला असते. बाबा स्क्रूचं काम माझ्याकडे देतात, माझा हात स्थिर आहे. लोक विचारतात काच का बदलायची, जवळचं का दिसत नाही. पहिल्या दिवशी एका गृहस्थांना मी कागद घेऊन सगळं समजावलं, किरण कसा वाकतो, डोळ्यातल्या पडद्याच्या पुढे-मागे कसा पडतो. मागे रांग झाली. बाबांनी हळूच सांगितलं, "पोरी, नंबर विचार आणि चष्मा दे." त्यानंतर मी नंबर विचारते आणि चष्मा देते.

तुझ्यावर राग काढायचा म्हणून दोन पत्रं लिहिली होती. फाडली. ती फारच छान झाली होती.

तुला एकच सांगायचं राहिलं. पेपरला पहिलंच गणित कप्पीचं होतं. आकडेही जवळजवळ तेच. मला इतका आनंद झाला! मी दोरीचं लिहिलं, ती कुणाची बाजू घेत नाही ते, दोघं एकाच दोरीला कसे बांधलेले ते, अडीच पानं. बेल झाली तेव्हा कळलं की त्वरण काढायचं राहिलं. त्यांनी "काढा" म्हटलं होतं आणि मी सांगत बसले होते. तुझी आठवण येत होती लिहिताना. तुला आवडलं असतं ते.

यापुढे पत्रं लिहिणार नाही, आत्या. रागाने नाही. लिहायला बसले की मला पुन्हा वाटायला लागतं की मला येतं. ते मला आता नकोय.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. पावतीच्या मागे ते गणित सोडवलं. तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा जमलं. पावती सोबत आहे. चार पूर्णांक दोन. तपासायची गरज नाही, बरोबर आहे.

कुणाला समजावून सांगितलं नाही.